कोसळणाऱ्या यंत्राचा मृत्यूपूर्व जबाब

वेरिबी लाईनच्या ट्रेनने सिटीकडे जाताना न्यूपोर्टनंतर स्पॉट्सवुड लागतं. विंडम भागातल्या मराठी घरांतली मुलं शाळेच्या सहलीला हमखास जातात ते सायन्सवर्क्स म्युझियम इथेच आहे. त्याच्या आवारातलं जुनं पंपिंग स्टेशन १८९७ सालचं. मेलबर्नचं सांडपाणी इथून ढकलून वेरिबीच्या सांडपाणी-शेतावर पाठवलं जायचं. म्हणजे वेरिबी आणि स्पॉट्सवुडचं नातं रेल्वेपुरतं नाही. पण आजचा विषय वेगळा आहे. याच म्युझियममध्ये 'सिसरॅक' नावाचा संगणक ठेवलेला आहे. पहिल्या पिढीतल्या संगणकांपैकी जवळजवळ अखंड उरलेला हा जगातला एकमेव. पहिला प्रोग्रॅम १९४९ मध्ये सिडनीत चालला, १९५५ मध्ये यंत्र मेलबर्नला आलं, १९५६ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि नोव्हेंबर १९६४ मध्ये कायमचं बंद झालं. ट्रेव्हर पिअर्सी आणि मॅस्टन बिअर्ड ही त्याच्या निर्मात्यांची नावं. सुमारे दोन हजार व्हॉल्व्ह, वजन सात टनांच्या आसपास, आणि स्मृती फक्त ७६८ शब्दांची, तीही पाऱ्याच्या नळ्यांतून फिरणाऱ्या ध्वनिलहरींच्या रूपात.

सिसरॅकच्या कन्सोलवर छोटे गोल कॅथोड-रे पडदे आहेत. त्यांवर यंत्राच्या पोटातले आकडे ठिपक्यांच्या रूपात थेट दिसायचे. मधे कुठलाही प्रोग्रॅम नाही, ऑपरेटिंग सिस्टिम नाही. प्रोग्रॅम अडकला की ठिपके जिथल्या तिथे थांबायचे आणि ऑपरेटर त्यांच्यावरून अंदाज बांधायचा. सोबतीला एक स्पीकरही होता. प्रोग्रॅमर मंडळी आपल्या कोडमध्ये मुद्दाम आवाजाच्या सूचना टाकायची, म्हणजे काम कुठवर आलं ते कानांनी कळायचं. (याच स्पीकरवर पुढे सूर वाजवले गेले आणि संगणकीय संगीताच्या इतिहासात सिसरॅकचं नाव लागलं.)

पॉडकास्टच्या भागात वेळेअभावी एक प्रश्न अर्धवट राहिला होता, तो इथे नीट घेऊ. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतःच कोसळतो तेव्हा पडद्यावर काय दिसावं आणि ते दाखवायचं कुणी? ब्राउझर बंद पडला तर कर्नल सांगतो. कर्नलच बंद पडला तर सांगणारा उरतच नाही. सिसरॅकला हा प्रश्न नव्हता, कारण तिथे पडदा थेट यंत्राला जोडलेला होता. नंतरच्या सत्तर वर्षांत आपण पडदा आणि यंत्र यांच्यामध्ये एकेक थर घालत गेलो, आणि प्रत्येक थराबरोबर हा प्रश्न अवघड होत गेला.

कागदावरचा जबाब

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बनलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाला. त्यालाही आलेख आणि अक्षरं दाखवणारा कॅथोड-रे पडदा होता. पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाची आहे त्याची स्मृती: ४० बिटांचे २०४८ शब्द, आणि तेही चुंबकीय कड्यांच्या, म्हणजे कोअरच्या, जाळीत साठवलेले. पाऱ्याच्या नळीतली लहर वीज गेली की विरून जाते. चुंबकीय कडी मात्र वीज गेली तरी आपली दिशा विसरत नाही. त्यामुळे या जातीच्या यंत्रांत बिघाडानंतर स्मृतीतला मजकूर जसाच्या तसा छापून तपासता यायचा. 'कोअर डंप' हा शब्द तिथून आला. कड्या कधीच गेल्या, शब्द राहिला.

पुढचा टप्पा युनिक्सचा. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये ती घडत होती. तिच्या आधीच्या मल्टिक्समध्ये चुका सावरणाऱ्या कोडचा मोठा पसारा होता. युनिक्सवाल्यांनी तो टाळला. सावरता न येणारी चूक झाली की 'पॅनिक' नावाचं एक छोटं फंक्शन चालायचं. आणि हे जगभरच्या विद्यार्थ्यांना वाचायला मिळालं ते ऑस्ट्रेलियामुळे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा पूर्ण सोर्स कोड आणि त्यावरची टीका, आपल्याकडच्या जुन्या अर्थाने 'टीका', दोन पुस्तकांत मांडली. परवान्याच्या भानगडींमुळे ती उघडपणे विकता येईनात, म्हणून झेरॉक्सच्या झेरॉक्स होत ती जगभर फिरली. अधिकृत प्रकाशन १९९६ मध्ये झालं.

त्या कोडमधलं पॅनिक चार-पाच ओळींचं आहे. काय बिघडलं त्याची नोंद ठेवायची, डिस्कवर लिहायचं राहिलेलं शक्य तितकं लिहून टाकायचं, कन्सोलवर 'पॅनिक' म्हणून कारण छापायचं आणि मग कायमचं स्वस्थ बसायचं. याहून रंजक आहे ते कन्सोलवर एक अक्षर छापणारं फंक्शन. ते नेहमीच्या रांगेतून, इंटरप्टची वाट बघत जात नाही. टेलिप्रिंटर मोकळा होईपर्यंत तिथेच घुटमळत राहतं, त्या उपकरणाची आधीची स्थिती बाजूला ठेवतं, आपलं अक्षर छापतं आणि स्थिती पुन्हा होती तशी करून ठेवतं. म्हणजे आपल्या आजच्या विषयाचं बीज इथे सापडतं: संकटाच्या वेळी कुणावर अवलंबून राहू नका, आणि दुसऱ्याचं उपकरण वापरलंत तर ते होतं तसं परत करा.

टेलिप्रिंटरचा आणखी एक फायदा होता. त्याचा निरोप कागदावर उमटायचा. यंत्र मेलं तरी कागद हातात उरायचा.

आपल्याकडच्या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: मृत्यूपूर्व जबाब आणि पंचनामा. पहिला मरणाऱ्याच्या तोंडचा, दुसरा नंतर इतरांनी केलेला. कर्नलचा शेवटचा निरोप हा जबाब, तर कोअर डंप हा पंचनाम्याचा ऐवज. पुढे वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

पडदा एक्सच्या ताब्यात जातो

१९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए आणलं. त्याच्या टेक्स्ट मोडमध्ये ८० रकाने आणि २५ ओळी. प्रत्येक अक्षरासाठी स्मृतीत दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. कर्नलला काही सांगायचं असेल तर त्या ठराविक पत्त्यावर बाइट लिहिले की झालं, अक्षर पडद्यावर. १९९१ मध्ये लिनक्स जन्मला तो याच जगात. पॅनिक झालं की काळ्या पडद्यावर पांढरा मजकूर दिसायचा आणि लोक तो वहीत उतरवून घ्यायचे.

मग खिडक्या आल्या, माऊस आला. लिनक्सवर चित्रं काढायचं काम एक्स सर्व्हर करायचा. हा कर्नलचा भाग नव्हता, बाहेरचा एक प्रोग्रॅम होता. पण त्याला सर्वाधिकार होते आणि ग्राफिक्स कार्डच्या रजिस्टरांना तो थेट हात घालायचा. रिझोल्यूशन किती, रिफ्रेश रेट किती, चित्र स्मृतीत कुठे आहे, हे सगळं एक्सला ठाऊक. कर्नलला यातलं फारसं काही माहीत नसायचं. मजकुराच्या कन्सोलवर परत जायचं असेल तर कर्नल एक्सला विनंती करायचा: 'बाबा, पडदा सोड.' एक्स कार्डची स्थिती पूर्ववत करायचा आणि मग कन्सोल दिसायचा.

आता कर्नल कोसळला तर? विनंती करायला कर्नल शुद्धीवर नाही आणि ती ऐकायला एक्स चालू नाही. कर्नल आपला जबाब प्रामाणिकपणे लिहायचा, पण तो कुणाच्या डोळ्यांपर्यंत पोचायचा नाही. वापरणाऱ्याला दिसायचं काय? शेवटचं चित्र जसंच्या तसं गोठलेलं. अर्धवट टाईप केलेलं वाक्य आणि न हलणारा माऊस. कर्नलने कीबोर्डवरच्या कॅप्स लॉकच्या दिव्याची उघडझाप करायची, एवढाच काय तो इशारा. सिसरॅकच्या स्पीकरपासून निघून आपण कीबोर्डच्या दिव्यापर्यंत आलो होतो, आणि सांगण्यासारखं जास्त असूनही सांगता कमी येत होतं.

यात नुकसान कुणाचं? ज्याचा थीसिस त्या खिडकीत उघडा होता त्याचं तर झालंच. पण पुढचं नुकसान मोठं आहे. कारण दिसलंच नाही तर तक्रार काय करणार? 'मशीन हँग झालं' एवढ्या वाक्यावरून कुठल्याही डेव्हलपरला दोष शोधता येत नाही. दोष तसाच राहतो आणि उद्या दुसऱ्याचं मशीन पाडतो.

टझ आणि २००९

उपाय उघड होता: पडद्याची सूत्रं कर्नलकडे परत आणा. याला कर्नल मोड सेटिंग, थोडक्यात केएमएस, म्हणतात. इंटेलचे जेसी बार्न्स, ब्रिस्बेनमध्ये राहून रेड हॅटसाठी काम करणारे डेव्ह एअरली आणि इतर काही जणांनी हे काम पुढे नेलं. इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ते अधिकृत लिनक्समध्ये आलं मार्च २००९ च्या २.६.२९ या आवृत्तीत. गंमत म्हणजे याच आवृत्तीत लिनक्सचा नेहमीचा पेंग्विन सुट्टीवर गेला होता. त्याच्या जागी बूट होताना दिसायचा टझ, म्हणजे पेंग्विनची चोच लावलेला टास्मानियन डेव्हिल. त्या वर्षीची लिनक्स परिषद जानेवारीत होबार्टला भरली होती, आणि डेव्हिल प्राण्यांना होणाऱ्या चेहऱ्याच्या संसर्गजन्य कॅन्सरकडे लक्ष वेधायला हा बदल केला होता.

केएमएसमुळे कर्नलला आता पडद्याची स्थिती ठाऊक होती. मग पॅनिकच्या वेळी एक्सचं चित्र बाजूला सारून कन्सोलचा मोड परत आणायचा आणि जबाब दाखवायचा, हे साहजिक वाटलं. सुरुवातीच्या ड्रायव्हरांत तशी सोय केलीही गेली. कागदावर सोपं, प्रत्यक्षात महाकठीण. का, ते बघा.

पहिली अडचण कुलपांची. कर्नलमध्ये दोन कामं एकाच गोष्टीला एकाच वेळी हात लावू नयेत म्हणून लॉक असतात. पॅनिकच्या क्षणी बाकीचे प्रोसेसर जागच्या जागी थांबवले जातात. त्यांच्यापैकी कुणाच्या हातात ग्राफिक्सची किल्ली असेल, तर ती आता कधीच परत मिळणार नाही. वाट बघितली तर अनंतकाळ, कुलूप तोडून आत गेलं तर आतला माल अर्धवट अवस्थेत.

दुसरी अडचण वेळेची. आधुनिक मॉनिटरचा मोड बदलणं म्हणजे एक लांबलचक विधी आहे. घड्याळाचं सर्किट स्थिर होऊ द्या, मॉनिटरशी बोलणी करा, डिस्प्लेपोर्टची जोडणी जुळवा. प्रत्येक पायरीला थांबावं लागतं. पॅनिकमध्ये मात्र थांबता येत नाही, कारण नंतर जागं करणारं कुणी नसतं.

तिसरी अडचण हेतूची. पॅनिकमध्ये पहिलं काम उरलंसुरलं वाचवणं. जबाब दाखवण्याच्या नादात ग्राफिक्सच्या कोडनेच दुसरा अपघात केला, तर मूळ कारणावर माती पडते. म्हणून पुढे हा पॅनिकमधला मोड-बदल काढून टाकला गेला.

एका ठिकाणी मात्र ही कल्पना नीट बसली. कर्नल मुद्दाम थांबवून तपासायचं साधन असतं, केडीबी. जेसन वेसल आणि बार्न्स यांच्या कामातून ऑक्टोबर २०१० च्या २.६.३६ मध्ये केडीबी आणि केएमएस यांची सांगड घातली गेली. ग्राफिक्स चालू असताना डीबगरमध्ये शिरलं की कन्सोल दिसतो, बाहेर पडलं की आधीचं चित्र परत येतं. युनिक्सच्या त्या टेलिप्रिंटरवाल्या फंक्शनचाच धडा, फक्त फार महाग उपकरणावर गिरवलेला.

निळ्या पडद्याची साक्ष

मायक्रोसॉफ्टचा रस्ता वेगळा होता. विंडोज एनटी १९९३ मध्ये आली तेव्हापासून ग्राफिक्स कर्नलच्या ओळखीचं होतं. कोसळताना कार्ड थेट जुन्यापुराण्या व्हीजीए मोडमध्ये टाकायचं, कारण तो प्रत्येक कार्डाला येतोच, आणि निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत कारण लिहायचं. तो पडदा लिहिणारे जॉन व्हर्ट यांनी नंतर सांगितलंय की रंगामागे मोठा विचार नव्हता. ते ज्या यंत्रावर आणि ज्या एडिटरमध्ये काम करत, तिथे निळ्यावर पांढरं असायचं. २०१२ च्या विंडोज ८ पासून ड्रायव्हर लिहिणाऱ्या कंपन्यांसाठी खास दरवाजा ठेवला गेला: कोसळताना आम्ही हाक मारू, तेव्हा चालू रिझोल्यूशनमध्ये चित्र दाखवायची सोय तुम्ही करा.

या सगळ्याचा उपयोग काय, ते १९ जुलै २०२४ ला जगाला दिसलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट फाईल मेलबर्नच्या वेळेनुसार शुक्रवारी दुपारी २ वाजून ९ मिनिटांनी सुटली. भारतात तेव्हा सकाळचे ९:३९ झाले होते. सव्वा तासात ती मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख मशीन कोसळली होती. अमेरिका झोपेत होती, ऑस्ट्रेलिया कामाच्या दुपारी. सुपरमार्केटच्या काउंटरवर, विमानतळांच्या फलकांवर निळे पडदे उभे राहिले. भारतात इंडिगोच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

पण त्या निळ्या पडद्यांनी आपलं काम चोख केलं होतं. त्यांच्यावर कोसळलेल्या ड्रायव्हरचं नाव होतं: सीएसएजंट डॉट सिस. लोकांनी मोबाईलने फोटो काढले, एकमेकांना दाखवले, आणि कुठल्याही कंपनीचं निवेदन येण्याआधी हजारो इंजिनियरांना कुणाची चूक ते समजलं. हाच पडदा गोठलेला राहिला असता तर? सगळ्या जगाने आपापल्या मशीनला, आपापल्या आयटीवाल्याला दोष दिला असता. जबाब नोंदवला गेला म्हणून जबाबदारी ठरली. मला वाटतं, हा विषय किचकट तांत्रिक असूनही आपल्या सगळ्यांचा आहे तो इथे.

सेट न बदलता पुढे येणं

लिनक्सला असा जबाब मिळाला तो योगायोगाने त्याच महिन्यात. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ६.१० या आवृत्तीत रेड हॅटचे जोसलिन फालेंप यांचं 'डीआरएम पॅनिक' दाखल झालं. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, सिस्टिमडीनेही निळ्या पडद्याचा एक प्रोग्रॅम आणला होता. पण तो बाहेरचा प्रोग्रॅम, त्यामुळे बूट होतानाच्या चुका दाखवायला ठीक, कर्नलच गेला तर त्याचा उपयोग नाही.

फालेंप यांच्या कामातली युक्ती मला फार आवडते. नाटकाचा प्रयोग चालू असताना काही विपरीत घडलं, तर व्यवस्थापक काय करतो? सगळा सेट उतरवून भाषणासाठी नवा मंच उभारत नाही. आहे त्या दिवाणखान्याच्या सेटवर, नटांच्या मधोमध येऊन उभा राहतो आणि बोलतो. जुना प्रयत्न सेट बदलण्याचा होता. डीआरएम पॅनिक मोडला हातच लावत नाही. या क्षणी मॉनिटरकडे कुठलं चित्र जातंय एवढंच ड्रायव्हरला विचारतं आणि त्या चित्राच्या स्मृतीवर सरळ मजकूर रंगवतं. वाट बघावी लागेल असं कुलूप नाही. किल्ली मिळते का हे एकदाच बघायचं, नाही मिळाली तर निमूट माघार. नवी स्मृती मागायची नाही, मॉनिटरशी बोलणी नाहीत. पूर्वस्थिती परत आणण्याचा हट्ट सोडला आणि काम झालं.

हेही सगळीकडे चालतं असं नाही. चित्र कधी विशिष्ट तुकड्यांत विभागून ठेवलेलं असतं, कधी प्रोसेसरला सहज पोचता येणार नाही अशा स्मृतीत असतं. म्हणून सुरुवात साध्या ड्रायव्हरांपासून झाली आणि मोठ्या कार्डांचा पाठिंबा त्यानंतर हळूहळू येऊ लागला. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ मध्ये क्यूआर कोडची भर पडली, तोही रस्ट भाषेत लिहिलेला. पडद्यावर मावणार नाही एवढा जबाब आता मोबाईलने टिपून घेता येतो. टेलिप्रिंटरचा कागद परत मिळाला म्हणा ना.

आणि पंचनामा? त्याची व्यवस्था आधीच, २००५ च्या २.६.१३ मध्ये 'केडंप'ने झाली होती. एरिक बीडरमन यांच्यासोबत विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ या आयबीएमच्या भारतीय इंजिनियरांचा त्यात मोठा वाटा आहे. स्मृतीच्या राखीव कोपऱ्यात दुसरा छोटा कर्नल तयार ठेवायचा, पहिला गेला की त्याने उठून मृताची स्मृती जपून डिस्कवर उतरवायची. सर्व्हरसाठी हे उत्तम. घरच्या लॅपटॉपवर मात्र बहुतेकदा ही सोय चालू नसते. तिथे पडदा हाच पुरावा.

जबाब कुठल्या भाषेत?

एक गोष्ट राहते. लिनक्सचे हे जबाब इंग्रजीत आहेत. ॲपलने २००२ च्या सुमारास चार भाषांत निरोप दाखवायला सुरुवात केली: इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी. मराठी कधी?

तांत्रिक अडचण खरी आहे. देवनागरीत अक्षरं नुसती शेजारीशेजारी ठेवून चालत नाही. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहायची आधी, जोडाक्षरांचे आकार बदलतात. त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम पॅनिकच्या वेळी चालवणं परवडणारं नाही. पण आपल्याच इतिहासात यावर एक तोड आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान आठवा. पीसीच्या खाचेत जिस्ट कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्रॅमही देवनागरी दाखवायचे. अक्षरजुळणीचा भार मूळ प्रोग्रॅमवर नव्हताच, तो कार्डाने उचललेला होता.

पॅनिकसाठी तर तेवढंही नको. ठरलेली दोन-तीन मराठी वाक्यं आधीच चित्ररूपात तयार करून ठेवा. कोसळताना जुळणी करायची नाही, फक्त चित्र उमटवायचं. तांत्रिक तपशील क्यूआर कोडमध्ये जातीलच. डीआरएम पॅनिक मजकुराशेजारी छोटं चित्र आजही दाखवू शकतं, त्यामुळे पाया तयार आहे. कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि चर्चाही उघड्यावर चालते.

तुमच्यापैकी कित्येक जण मेलबर्न, म्युनिक किंवा सिअॅटलमध्ये बसून याच थरांवर काम करता. आणि सांगलीत किंवा वाशीमला दुकान चालवणाऱ्या आत्याचा फोन आला की तुम्हीच विचारता, 'पडद्यावर काय लिहून आलंय, ते वाच बरं.' ती जे वाचेल ते तिला कळलं पाहिजे, एवढंच काम बाकी आहे.